विमानाची कडी कुणाकडं?

आमच्या संग्रहालयात एका काचेच्या कपाटात फिकट निळी साडी नेसवलेला पुतळा उभा आहे. खाली फलक आहे, 'हवाई सुंदरीचा जुना गणवेश'. त्या कपाटापुढे उभी राहून मी माहिती सांगते, आणि कुणीतरी हमखास विचारतं, "ह्या बाई हयात हायत का?"

"आहेत की. पण गुडघे फार दुखतात त्यांचे," मी म्हणते. लोक हळहळतात.

ती साडी माझीच आहे, हे सुरुवातीला मी सांगून पाहिलं. लोक एकदा पुतळ्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे बघायचे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढच्या कपाटाकडे सरकायचे. तेव्हा मीच ते सांगणं सोडून दिलं.

मी मूळची मिरजेची. वडील तंबोरे करायचे. मुलगी विमान कंपनीत लागली तेव्हा सगळ्या गल्लीने मला शंभर प्रश्न विचारले, पण वडिलांनी एकच विचारला, "विमानात तंबोरा आडवा ठेवतात का उभा?" पुढे माझी कंपनी दुसऱ्या कंपनीत विरघळून गेली, तिचं नाव पुसलं गेलं, मी निवृत्त झाले आणि विश्रामबागेत घर घेऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. तेवढ्यात पलूसच्या रस्त्यावरच्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं, की आपल्या आवारात विमान पाहिजे. त्यांना सगळे आबासाहेब म्हणतात, आणि आबासाहेबांच्या मनात आलेलं सहसा कुणाला थांबवता येत नाही. मोडीत निघालेलं एक विमान पंख सोडवून मोठ्या ट्रेलरवर निघालं. साताऱ्याच्या अलीकडच्या एका गावात ते वळणावर अडकलं, तेव्हा गावकऱ्यांनी आधी त्याला हार घातला, मग पेढा ठेवला आणि मग ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं. आता ते उसाच्या फडाला लागून उभं आहे. त्याच्या शेजारच्या दोन खोल्यांत जुन्या कपबश्या, हाताने लिहिलेली तिकिटं, सिगारेटसाठी रक्षापात्रं बसवलेल्या खुर्च्या आणि माझी साडी. त्याला विमान कंपन्यांच्या इतिहासाचं संग्रहालय म्हणतात. मी तिथली माहितीगार.

माझ्या जोडीला सुभेदार निकम. मूळचे सातारा जिल्ह्यातले, फौजेत छत्रीवाले. विमानातून उड्या मारण्यात त्यांची उमर गेली. ते पाहुण्यांना छाती काढून सांगतात, "विमानात चढलो लय येळा. पर विमानासंगं खाली उतरलो ते बोटावर मोजण्याइतकंच." हे सांगून झालं की ते माझ्याकडे बघून डोळा मिचकावतात. त्यांना दिलेलं काम दारावर बसण्याचं आहे, पण ते बसतात विमानचालकाच्या खुर्चीत.

येणाऱ्यांचे प्रश्न फार सुंदर असतात. "हॉर्न कुटं हाय?" हा पहिला. "ॲव्हरेज किती देतंय?" हा दुसरा. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, "ह्याला रिव्हर्स असतोय का?" मी सांगितलं, की उभ्या जागेवरून मागे जायला त्याला सहसा ट्रॅक्टर लावतात, तो पुढून ढकलतो. त्या माणसाने आनंदाने मांडीवर थाप मारली. "म्हंजी शेवटी आमचंच काम पडतंय की!" तो गेटापर्यंत ते लोकांना सांगत गेला.

आणि सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की विमानातली बाई चहा देते. खरी गोष्ट अशी, की चहा कसा द्यायचा हे आम्हाला एका दुपारी शिकवलं आणि पेटत्या, बुडत्या, अंधाऱ्या विमानातून माणसं बाहेर कशी काढायची हे उरलेले सगळे दिवस शिकवलं. त्यात ओरडायलाही शिकवतात. गोड बोलून घाबरलेला माणूस हलत नाही. चहा हा आमच्या धंद्यात वेळ घालवायचा उद्योग आहे, खरं काम दाराचं. ते काम करायची पाळी सबंध नोकरीत माझ्यावर एकदाही आली नाही. आमच्यात ज्याच्या हातून काहीच घडत नाही तो उत्तम ठरतो. मी उत्तम होते. त्याचा अभिमान आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी चुटपूटही होती.

ती चुटपूट म्हाकूबाईंनी घालवली.

त्या आटपाडीकडच्या. घराणं मेंढरांचं. आता थोडी शेती, थोडी शेरडं. मुलगा मायाप्पा गुवाहाटीला सोनं गाळण्याच्या धंद्यात. आमच्या पूर्वेकडच्या गावांतली माणसं भारतभर हाच धंदा करतात, आणि गावात म्हातारी माणसं फोनकडे बघत बसतात. एका दुपारी म्हाकूबाईंचा भाचा बिरू त्यांना शेरडं वाहायच्या पिकअपमधून घेऊन आला.

"मॅडम, आत्तीला जरा इमान आतनं दावा," तो म्हणाला. "गुवाहाटीला जायचंय. वयनीला दिवस गेल्यात, आन् डाक्टरनी हातरुणातनं उठू नगं म्हणून सांगितलंय. आदी दोनदा नुसकान झालंय तिचं. तिला आई न्हाई. मायाप्पा भट्टी सोडून घरी बसू शकत न्हाई. आगीनगाडीनं न्यावं तर आत्ती मागं एकदा भलत्याच टेसनावर उतरली हुती."

"उतरली न्हवती," म्हाकूबाई म्हणाल्या. "पाय मोकळं कराय गेल्ती. गाडीच निगून गेली."

उंच बांधा, कपाळावर मोठं कुंकवासारखं गोंदण, आणि नजर अशी, की माझ्यामागे उभं राहून कुणी शेपूट हलवत असेल तर तेही दिसावं. त्या शिडीपर्यंत आल्या, वर दाराकडे पाहिलं आणि थांबल्या.

"ह्ये दार लावत्यात?"

"लावतात."

"आन् कडी कुणाकडं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "माझ्यासारख्या बाईकडे," मी म्हणाले.

"मंग मला मदीच बाहीर यायचं आसंल तर ती काडंल?"

मी खोटं बोलले नाही. सांगितलं, की विमान वर असताना ते दार कुणालाच उघडत नाही, पैलवानालासुद्धा. आत हवा दाबून भरलेली असते, ती दार घट्ट धरून ठेवते. कुकरचं झाकण वाफ असताना निघतं का, तसंच.

"वाफ गेल्याबिगर न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांना पटलं. आणि पटल्यामुळे त्या शिडीवरून एक पायरी खाली उतरल्या.

मग कारण कळलं. मागे पाठदुखीसाठी त्यांना मिरजेला दवाखान्यात नेलं होतं. तिथे फोटो काढायच्या नळीत निजवलं. जन्म माळावर काढलेली बाई. रात्री घरातसुद्धा दार उघडं टाकून झोपणारी. नळीत यंत्र ठाण ठाण वाजायला लागलं तशी त्यांनी आतून लाथ घातली आणि पायांकडून बाहेर आल्या. "ह्ये बी तसलंच हाय," विमानाच्या पोटाकडे बोट करून त्या म्हणाल्या. "नळीच हाय."

विमान नळीच असतं.

पण त्या परत आल्या. सुनेचा फोन आला की दुसऱ्या दिवशी म्हाकूबाई यायच्या. आधी शिडीवर बसल्या. मग दाराशेजारच्या खुर्चीत, दार सताड उघडं ठेवून. मग मी त्यांना मधल्या भागात, पंखाजवळच्या खिडकीशी नेलं. "ही खिडकी साधी नाही," मी सांगितलं. "हा लाल दांडा खाली ओढला की अख्खी निघते. बाहेर पंख आहे, त्यावर पाय द्यायचा." त्यांनी दांड्याला हात लावला नाही, पण तिथून उठल्याही नाहीत.

सुभेदार म्हणाले, "मॅडम, ह्यांना एकदा उडवूनच आणू."

"उडवू म्हणजे?"

"रिहर्सल वो. फौजेत उडी माराय आदी जमिनीवर शिकवत्यात. दार लावू, आवाज करू, हादरं देऊ. एकदा झालं की भ्या गेलं."

कल्पना मला आवडली, हे कबूल करते. निवृत्त माणसाला अशा कल्पना फार आवडतात. सुभेदारांनी विमानाच्या पोटाखाली जनरेटर आणून ठेवला, त्यामुळे खुर्च्या खरोखर थरथरायला लागल्या. इंजिनाचा आवाज स्पीकरवर. आणि म्हाकूबाई एकट्या नकोत म्हणून ज्या दिवशी औदुंबरला दर्शनाला आलेलं साताऱ्याकडचं एक भजनी मंडळ संग्रहालय बघायला आलं, त्याच दिवशी उड्डाण ठरवलं. मंडळी खूश. खिडकीवरून भांडणंसुद्धा अगदी खऱ्यासारखी झाली. म्हाकूबाई आपल्या त्या खिडकीशी, पट्टा बांधून, डोळे मिटून.

मी दार ओढून घेतलं आणि दांडा फिरवला.

"मंडळी, सावधान," सुभेदारांचा आवाज स्पीकरवर आला. "आपण आता पलूस सोडतोय. डाव्या हाताला कृष्णामाई. उजव्या हाताला आपलं हे… ढग."

भजनी मंडळातल्या एका बाईंनी खिडकीतून पाहिलं. "आवं, ऊस दिसतोय की!"

"उंच वाढलाय ह्या साली," सुभेदार म्हणाले.

मी चहा दिला. म्हाकूबाईंनी एक डोळा उघडून घेतला. कराड गेलं, सातारा गेला, सुभेदारांनी आपल्या गावावरून एक जादा चक्कर मारली. मग विमान गुवाहाटीला उतरवलं, जनरेटर बंद झाला, टाळ्या पडल्या. मी दाराशी गेले आणि दांडा फिरवला.

दांडा हलला नाही.

मी दोन्ही हात लावले, मग खांदा. आतून काहीतरी कट्ट वाजलं आणि दांडा सैल पडून नुसता गोल फिरायला लागला. जुनं लोखंड, पावसाळे आणि उसाच्या फडातली धूळ. मागचं दार संग्रहालय करताना कायमचं बंद केलेलं. थंड हवेचं यंत्र जनरेटरबरोबर बंद पडलेलं, आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन. सुभेदार पुढून धावत आले, त्यांनी दारावर दोन लाथा घातल्या. त्या लाथांनी सगळ्यांना कळलं.

"दार अडाकलंया!"

सगळे उठले आणि सगळे पुढच्या दाराकडे आले. मधली वाट एका दमात भरून गेली. कुणी ओरडत होतं, कुणी दारावर मुठी मारत होतं. एका म्हाताऱ्या बुवांना धाप लागली, ते खाली बसायला बघत होते पण बसायला जागा नव्हती. मागे कुणीतरी टाळ काढून देवाचं नाव सुरू केलं, त्याने तर लोकांना आपला शेवटच आल्यासारखं वाटलं. मी त्या गर्दीच्या पुढच्या टोकाला, आणि बाहेर पडायची खिडकी मध्यावर. मध्ये सगळं मंडळ.

हवेत उत्तम राहिलेली मी, आणि इथे जमिनीवर, उसाच्या कडेला, चाकं काँक्रीटमध्ये रोवलेल्या विमानात माणसं गुदमरत होती. ह्या सगळ्यांना आत मीच बसवलं होतं. मग आतून तो जुना शिकवलेला आवाज निघाला. मला वाटलं होतं तो गेला असेल.

"म्हाकूबाई! लाल दांडा! खाली ओढा!"

गर्दीच्या वरून मला त्यांचा पदर दिसत होता. त्या उठून उभ्या होत्या, पाठ खिडकीला, चेहरा राखेसारखा. नळी बंद झाली होती. त्यांना ज्याची भीती होती नेमकं तेच झालं होतं, आणि ते मीच करून दाखवलं होतं.

"दांडा! ओढा!"

त्या वळल्या. दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. खिडकी आतल्या बाजूला निसटते, वजनदार असते, हे सांगायचं मी विसरले होते. ती सरळ त्यांच्या अंगावर आली. त्यांनी ती कोकरासारखी कवेत धरली, फिरवली आणि बाहेर पंखावर फेकून दिली. भक्कन उजेड आणि वारा आत आला.

मला वाटलं आता त्या बाहेर उडी टाकतील. त्यांच्या जागी मी टाकली असती. त्यांनी एक पाय पंखावर ठेवला, मोठा श्वास घेतला, आणि पाय परत आत घेतला. मग जिभेने असा काही आवाज काढला, की तो मी माळरानावर लांबून कधीतरी ऐकला होता, बंद जागेत कधीच नाही.

"हुर्रर्र! हिकडं! आरं त्या दारात काय हाय तुमचं? हिकडं फिरा! म्हाताऱ्यास्नी आदी. ये तात्या, ढकलू नगंस, शिंगं हायत का तुला?"

माणसं फिरली. मी मागून ओरडत होते, "मागे वळा, एकामागे एक," आणि त्या पुढून हाकत होत्या. धाप लागलेल्या बुवांना त्यांनी काखेत हात घालून पंखावर ठेवलं. बाहेर बिरूला प्रकार कळला होता. त्याने पिकअप पंखाच्या मागच्या कडेला आणून लावली, आत शेरडांसाठी टाकलेला चारा होताच. एकेक जण पंखावरून बसून घसरत चाऱ्यात पडायला लागला.

मंडळ उतरलं, मग राहिलो आम्ही तिघं, आणि पाळी आली सुभेदारांची. पंखाच्या कडेवर येऊन ते खाली बघत थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"छत्री न्हाई," ते म्हणाले.

म्हाकूबाईंनी मागून हात लावला. सुभेदार उतरले.

बुवा पंखाच्या सावलीत पाणी पिऊन सावरले. अंगावरचा चारा झटकत मंडळ उभं राहिलं, आणि तेवढ्यात आवाज ऐकून आबासाहेब आपल्या कचेरीतून चालत आले. सुभेदार माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, आपली पथारी गुंडाळा आता." मी काही बोलायच्या आत मंडळाचे म्होरके पुढे झाले आणि त्यांनी आबासाहेबांचा हात धरला.

"सायेब, लय बगितली संग्रहालयं. पर शेवटचा तो खिडकीचा कार्यक्रम! काय त्यो आरडाओरडा, काय ती धनगरीण! अगदी खरं वाटलं बगा. कलाकार कुठली म्हनायची?"

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार ढगांकडे बघायला लागले.

मंडळाची गाडी गेल्यावर मी आबासाहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शिडी चढून दाराचा दांडा बाहेरून गोल गोल फिरवून पाहिला. मग म्हणाले, "दार दुरुस्त होईपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही. आणि झाल्यावर…" त्यांनी पंखाकडे बोट केलं. "त्या बाई रोज येऊ शकतील का?"

त्या बाई पंखाखाली चहा पीत बसल्या होत्या. हातावर खिडकीच्या कडेने ओरखडा उठला होता, त्यावर त्यांनी साडीचा पदर दाबून धरला होता. मी शेजारी बसले. माफी मागायची म्हणून बसले होते, पण त्याच आधी बोलल्या.

"बिरू, मायाप्पाला फोन लाव. तिकीट काड म्हणावं."

मी चकित झाले. "म्हाकूबाई, आज एवढं झाल्यावर?"

"त्या मिरजंच्या नळीला खिडकी न्हवती," त्या म्हणाल्या. "हिला हाय. आन् ती निगती."

पुढच्या आठवड्यात बिरूने त्यांना पुण्याला विमानतळावर सोडलं. मी त्यांना बजावून सांगितलं होतं, की चाकाच्या खुर्चीची सोय मागा. चालता येत नाही म्हणून नव्हे, तर खुर्चीवाली मुलगी थेट विमानाच्या दारापर्यंत नेते, चुकायची भीती नाही. त्या दिवशी मी घरात एकही काम धड केलं नाही. कुंड्यांना दोनदा पाणी घातलं. सुभेदार संग्रहालयात चालकाच्या खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी मायाप्पाचा एका ओळीचा निरोप आला, आई पोचली. सविस्तर काही नाही. सविस्तर कळायला नाताळ उजाडला. तेव्हा त्यांचा स्वतःचा फोन आला.

"काय म्हाकूबाई, कसा झाला प्रवास?"

"बरा झाला. ती खुर्ची ढकलणारी पोरगी लय दमली हुती, सकाळपासनं उपाशी. निम्म्या वाटंत तिला बशीवलं आन् मी ढकलली."

"आणि विमानात?"

"विमानात मला त्या खिडकीपाशी बशीवलं न्हाई. म्हातारी मानसं तितं चालत न्हाईत म्हनाली ती बाई."

ते खरं आहे. त्या खिडकीजवळ धडधाकट माणूसच बसवतात, आणि तिथे बसणाऱ्याला आम्ही आधी सगळं समजावून सांगतो. तो मान हलवतो, कानात बोळे घालतो आणि झोपतो. सबंध नोकरीभर मी अशा झोपलेल्या माणसांकडे बघत आले.

"मग घाबरलात का?"

"घाबरू कशाला? तितं एक गडी हुता, चांगला दांडगा. टाय लावल्याला. मी त्याच्याकडं गेले, म्हनलं, बाबा, तुझ्याकडं दार हाय. तांबडा दांडा खाली वडायचा, खिडकी अंगावर येती, ती बाहीर टाकायची, पळायचं न्हाई, आदी म्हाताऱ्यास्नी काडायचं. त्याला मराटी येत न्हवतं. मंग करून दावलं. सगळ्यांनी बगितलं. ती कामाची बाई बी बगत हुती."

"आणि तो?"

"नीट ऐकलं त्यानं. पर जरा येळानं डोळं मिटाय लागला. मी मागनंच हाक मारली. परत मिटलं, परत हाक मारली. पोचूस्तवर झोपू दिला न्हाई."

मला हसू आवरेना. पलीकडून एकदम बारीक, चिडका, नवा कोरा रडण्याचा आवाज आला. फोन बहुधा त्यांनी पाळण्याकडे धरला, कारण तो आवाज मोठा झाला, आणि मी विश्रामबागेतल्या माझ्या गॅलरीत फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिले.

"ऐकलंसा?" त्या म्हणाल्या. "पोरगी हाय. दोगीबी खुशाल."

"ऐकलं," मी म्हणाले. "मग आता परत कधी येताय?"

"शिमग्यापातुर न्हाई. पर तुमी एक काम करा. तुमची वळख हाय न्हवं विमानवाल्यांत? परतीच्या गाडीला त्यो टायवालाच गडी खिडकीपाशी असंल आसं काय तरी बगा. नवीन मानसाला परत सगळं शिकवत बसायचं म्हंजी तरास हाय."